चार इंचांचा प्ले

कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर माझ्या लक्षात आलं, की मी स्टिअरिंग वळवलंय आणि जीप अजून सरळच चाललीय. पळभराचाच उशीर झाला असेल. मग चाकांनी ऐकलं आणि जीप वळली, पण गरजेपेक्षा जास्त वळली, म्हणून मी उलटं फिरवलं, तर तिकडेही तोच उशीर. समोरून एसटी चढत होती. तिच्या ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि मला जाऊ दिलं. पोफळीला पोचल्यावर गाडी बाजूला लावली. शर्ट पाठीला चिकटला होता. शेजारी माझी पुतणी बसली होती. ती बारावीत आहे. तिने एवढंच विचारलं, "काका, ही नेहमी अशीच चालते का?"

खरं उत्तर होतं, हो. वडील असताना ती अशीच चालायची. फरक इतकाच, की त्यांचा हात तिला सरावला होता. स्टिअरिंग सतत थोडंथोडं हलतं ठेवून ते गाडी सरळ नेत. लहानपणी मला वाटायचं, जीप अशीच चालवतात.

गाडी १९७४ सालची. महिंद्रची सीजे-३बी, पेट्रोल, तीन गिअर, लेफ्ट हँड ड्राइव्ह. वर ताडपत्रीचं हूड, ते सोडलं की सगळी उघडी. पुढची काच बॉनेटवर आडवी टाकता येते. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. तिकडे ती १९५३ साली आली आणि १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे मात्र महिंद्रने पुढे कितीतरी वर्षं बनवली. बॉनेट उंच दिसतं ते आतल्या हरिकेन इंजिनामुळे. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि त्याबरोबर बॉनेटचीही. डावीकडे बसून चालवायची म्हणजे ट्रकला ओव्हरटेक करताना समोरचं काही दिसत नाही. वडील मला उजव्या सीटवर बसवायचे आणि मी मान बाहेर काढून "घ्या" किंवा "थांबा" सांगायचो. सातवी-आठवीतल्या पोरावर एवढा विश्वास टाकणारा दुसरा माणूस मला पुढे भेटला नाही.

ते गेल्यावर दोन वर्षं जीप शेडमध्ये उभी होती. विकायची नाही, हे घरात कुणी न बोलताच ठरलेलं होतं. पण चालवायची तर अशी चालवता येणार नव्हती.

पहिली चूक केली ती हायवेवरच्या एका गॅरेजात. मी सांगितलं, "स्टिअरिंग ढिलं आहे." त्यांनी बॉनेट उघडलं, स्टिअरिंग बॉक्सच्या बाजूच्या झाकणावरचा लॉकनट सोडला, मधला स्क्रू पाऊण आटा आवळला, नट पुन्हा कसला. दहा मिनिटांचं काम. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून दाखवलं, आणि खरंच, ते घट्ट लागत होतं. मी खूश होऊन निघालो. पाच किलोमीटरच्या आत कळलं, की गाडी आधीपेक्षा वाईट झालीय. वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होईना. मधोमध आलं की अडकायचं, जोर लावून तिथून सोडवलं की एकदम पुढे निघून जायचं. सरळ रस्त्यावर जीप नागमोडी जाऊ लागली. पाटणपर्यंतचा रस्ता मी तिशीच्या वेगाने काटला.

त्या संध्याकाळी तात्यांकडे गेलो. तात्या एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेस्तरी, वडिलांच्या वयाचे. आता हातात पाना धरवत नाही, पण कान आणि डोळे शाबूत आहेत. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "स्क्रू पिळला तवा चाकं कुठं होती?"

मी आठवलं. गाडी गॅरेजात तिरकी लावली होती, चाकं वळलेलीच होती.

"मग घात झाला," ते म्हणाले आणि अंगणातल्या मातीत काडीने आकृती काढून समजावू लागले. या जीपचा बॉक्स रॉस पद्धतीचा. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला कॅम असतो, त्याच्यावर मळसूत्रासारखी खाच. त्या खाचेत एका लिव्हरच्या दोन निमुळत्या खुंट्या बसतात. दांडा फिरला की खुंट्या खाचेतून सरकतात, लिव्हर हलतो आणि बाहेरचा ड्रॉप आर्म पुढेमागे होतो. यात खुबी अशी, की खाच मधल्या भागात मुद्दाम उथळ ठेवलेली असते आणि दोन्ही टोकांना खोल. गाडी सगळ्यात जास्त सरळ चालते, तिथे खुंट्या घट्ट बसाव्यात म्हणून. चाकं वळलेली असताना स्क्रू आवळला तर तो खोल खाचेच्या मापाने बसतो. चाकं सरळ झाली की खुंट्या उथळ भागात येतात आणि तिथे जाम होतात. स्क्रू बसवायचा तो स्टिअरिंग बरोबर मध्यावर ठेवूनच. तिथून जाताना हाताला किंचित ओढ लागली पाहिजे, तेवढीच.

मी तिथेच स्क्रू सोडवायला उठणार, तेवढ्यात तात्या म्हणाले, "बॉक्सला शेवटी हात लावायचा. आधी बगायचं, मंग पाना." पुढचे चार रविवार याच वाक्यात गेले.

पहिल्या रविवारी पाना काढलाच नाही. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, चारी टायरमध्ये हवा सारखी करून घेतलेली. डॅशबोर्डला एक तार बांधली, तिचं टोक स्टिअरिंगच्या रिंगणाला जेमतेम टेकेल असं. पुतणी स्टिअरिंगवर. एका बोटाने रिंगण डावीकडे ढकलायचं, पुढचा टायर हलायच्या बेतात आला की थांबायचं आणि तारेपाशी रिंगणावर खडूची खूण करायची. मग उजवीकडे तसंच. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजलं. चार इंच. म्हणजे रिंगण चार इंच फिरेपर्यंत टायरला पत्ताच नव्हता. तिने शेडच्या भिंतीवर खडूने तारीख घातली आणि पुढे लिहिलं: ४.

मग मी पोतं अंथरून गाडीखाली शिरलो. तात्या बाजूला स्टुलावर. पुतणी वर बसून रिंगण डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवत राहिली, एका लयीत, जसं तात्यांनी सांगितलं होतं. माझं काम एकच, प्रत्येक जोडावर तळहात ठेवायचा. हात असा ठेवायचा, की अर्धा एका भागावर आणि अर्धा शेजारच्या भागावर. दोन्ही भाग एकत्र हलले तर जोड ठीक. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला तर तिथे प्ले, म्हणजे मोकळी जागा. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळव्याला लगेच कळतं. विजेच्या उजेडात मी ड्रॅग लिंक नावाच्या दांड्याच्या पुढच्या टोकाकडे पाच मिनिटं बघत होतो, काही दिसेना. हात ठेवला आणि आतला बॉल आपल्या वाटीत एकदा इकडे, एकदा तिकडे टेकताना चक्क बोटांखाली ठोके देत होता.

या जीपमध्ये स्टिअरिंगपासून चाकांपर्यंतची साखळी लांब आहे. बॉक्समधून ड्रॉप आर्म. त्याला जोडलेली ड्रॅग लिंक, ती पुढे जाते. पुढच्या आडव्या क्रॉस मेंबरवर मधोमध बेल क्रँक, एका उभ्या पिनेवर फिरणारी. ड्रॅग लिंक तिला ढकलते आणि तिच्यापासून दोन टाय रॉड निघतात, एक डाव्या चाकाकडे, एक उजव्या. म्हणजे बॉक्स आणि टायर यांच्यामध्ये ड्रॅग लिंकचे दोन बॉल, बेल क्रँकची पिन आणि टाय रॉडची चार टोकं. प्रत्येक ठिकाणी केसाएवढी जागा झाली तरी वर रिंगणावर येईपर्यंत तिचे इंच होतात, कारण बॉक्स रिंगणाच्या मोठ्या फेरीची खाली छोटीशी हालचाल करतो. उलट वाचलं तर खालचा एक मिलिमीटर वर चांगलाच मोठा होऊन येतो.

तळहाताने काय सांगितलं ते असं. सगळ्यात आधी, बॉक्सच चासीवर हलत होता. मी बॉक्स आणि चासी यांच्यावर मिळून हात ठेवला तर बॉक्सचा कान प्रत्येक वेळी उचलला जात होता. बोल्ट ढिले, एक भोक अंडाकृती झालेलं. ड्रॅग लिंकचं मागचं टोक थोडं ढिलं, पुढचं फारच. बेल क्रँक पिनेवर नुसती फिरत नव्हती, वरखाली डुलत होती. उजव्या टाय रॉडचं बाहेरचं टोक खराब. हायवेवरच्या त्या स्क्रूने यातलं काय दुरुस्त होणार होतं? त्याने फक्त साखळीतली एक चांगली कडी आवळून बिघडवली होती.

दुसऱ्या रविवारी कामाला सुरुवात केली. बॉक्सचे बोल्ट काढून भोक साफ केलं, नवे मापाचे बोल्ट, जाड वॉशर, कसून बसवले. खूण: साडेतीन. ड्रॅग लिंक खाली काढली. तिच्या दोन्ही टोकांना पोकळ नळीत स्प्रिंग, दोन वाट्या, मध्ये बॉल आणि शेवटी आट्यांचं बूच, वर कॉटर पिन. मागच्या टोकातली स्प्रिंग मोडून दोन तुकडे झाले होते. पुढच्या टोकाचा बॉल हा बेल क्रँकचाच भाग. तो कापडाने पुसून उजेडात धरला. वरून गोल दिसत होता, पण व्हर्नियर लावल्यावर एका बाजूने जवळजवळ एक मिलिमीटर झिजलेला. तात्यांनी नुसतं बोट फिरवून तेच सांगितलं होतं. बॉल असा लांबट झाला, की बूच आवळून उपयोग नसतो. सरळ चालताना घट्ट केलं तर वळताना बॉल आडवा होऊन वाटीत अडकतो, आणि वळताना सैल ठेवलं तर सरळ चालताना पुन्हा तोच खेळ.

बेल क्रँक नवीच घ्यावी लागणार होती. पुण्याला नाना पेठेत दोन दिवस हिंडून मिळाली. पिन मात्र जुनीच वापरायची तर तिच्यावर बारीक चर पडले होते. हे चर बघून मी बराच वेळ बसलो. मूळ रचनेत बेल क्रँकमध्ये नीडल बेअरिंग असतं, सुयांसारखे बारीक रोलर. ते गरगर फिरणाऱ्या कामाला उत्तम. पण बेल क्रँक पूर्ण फिरत नाही, ती जागच्या जागी थोडी इकडे, थोडी तिकडे एवढीच हलते. प्रत्येक रोलर वर्षानुवर्षं पिनेवर त्याच एका जागी घासतो. ग्रीस तिथून सरकतं, परत येत नाही, पाणी मात्र येतं. आणि पिनेवर रोलरच्या आकाराच्या रेघा उमटतात. माझ्या पिनेवर त्या मोजता येत होत्या.

तात्यांचं म्हणणं, अशा जागी गनमेटलचा बुश, म्हणजे आतून गुळगुळीत नळी, बरा. त्याचा सगळा पृष्ठभाग भार घेतो आणि आत ग्रीसची खाच कोरली की ग्रीस टिकतं. कोल्हापूरला उद्यमनगरात एका टर्नरकडे पिन आणि बेल क्रँक दोन्ही घेऊन गेलो. त्याने आधी पिन नवी बनवली, ग्राइंड केली, मग तिच्या मापाने बुश काढला. माप सांगताना त्याने आकडा सांगितला नाही. तेल लावून पिन बुशमध्ये ठेवली आणि म्हणाला, "हाताने दाबल्यावर गेली पाहिजे. सोडल्यावर पडता कामा नये." पिन आपल्या वजनाने हळूहळू बुडाली आणि मध्येच थांबली. त्याने अंगठा टेकवला तशी खाली गेली. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची मापं घेतलीत, पण इतकं नेमकं माप शब्दांत क्वचितच ऐकलंय.

नवी बेल क्रँक, नवी पिन, ड्रॅग लिंकच्या नव्या वाट्या आणि स्प्रिंगा. बूच पूर्ण आवळून मग अर्धा आटा मागे, भोक जुळवून कॉटर पिन. भिंतीवर: पावणेदोन. टाय रॉडचं उजवं टोक बदललं: दीड.

आता बॉक्सची पाळी. ड्रॅग लिंक सोडवून ठेवली, म्हणजे हाताला फक्त बॉक्स लागेल. झाकण उघडलं तर आत घट्ट, काळं पडलेलं ग्रीस. या बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल हवं. सील जुनं झालं की ते गळतं, आणि गळतं म्हणून लोक ग्रीस भरतात. ग्रीस खाचेतून एकदा बाजूला सारलं गेलं की परत वाहत येत नाही आणि खुंट्या कोरड्याच घासत राहतात. आमच्या खुंट्यांना सपाट चट्टे पडले होते, पण अजून चालण्यासारख्या होत्या. सगळं रॉकेलने धुतलं. सील नवं घातलं. क्रम महत्त्वाचा: आधी कॅमच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगमधली वरखाली हालचाल, ती वरच्या झाकणाखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून कमी करायची. ते झाल्यावरच बाजूचा स्क्रू. मध्य शोधायला रिंगण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेऱ्या मोजल्या आणि बरोबर निम्म्यावर आणून थांबवलं. स्क्रू हळूहळू आवळत, मध्यावरून रिंगण पुन्हा पुन्हा नेत, जिथे हाताला लोण्यातून सुरी जावी तशी किंचित ओढ लागली तिथे थांबलो. पुतणीने टेप लावला. पाऊण इंच.

त्या दिवशी मी आनंदाने जीप बाहेर काढली. सरळ रस्ता मिळाला, साठचा वेग धरला, आणि गाडी पुन्हा डावीकडे सरकू लागली. दुरुस्त केली तर थोड्या वेळाने उजवीकडे. हात जरा हलवला तर चाकं लगेच ऐकत होती, यात शंका नव्हती. पण हात न हलवता ती सरळ जात नव्हती.

मला इथे खूप वाईट वाटलं. तीन रविवार, दोन शहरं, आणि गाडी अजून तशीच. पण घरी येऊन शांत झाल्यावर जाणवलं, की मी इतके दिवस दोन वेगवेगळ्या तक्रारींना एकच नाव देत होतो. रिंगण फिरवूनही चाक न फिरणं हा एक आजार. रिंगण स्थिर असताना गाडीने आपली रेघ न धरणं हा दुसरा. पहिला बरा झाला होता. पहिल्याच्या मागे दुसरा लपला होता, इतकंच. आमच्या बोलण्यात दोन्हीला "स्टिअरिंग ढिलं" म्हणतात, आणि त्या एका शब्दामुळे माणूस बॉक्सचा स्क्रू पिळत बसतो.

मधल्या दिवसांत एका अलाइनमेंट सेंटरलाही जाऊन आलो होतो. त्यांनी मशिनवर लावून कागद दिला. मी कागद हातात धरून पुढचा टायर बाहेरच्या बाजूला लाथेने ढकलला, तर पडद्यावरचा आकडा बदलला. ज्या चाकाचा आकडा ढकलल्यावर बदलतो त्याचं अलाइनमेंट करून काय होणार? आधी प्ले काढायचा, मग अलाइनमेंट. मला हे तेव्हा कळलं असतं तर एक फेरी वाचली असती.

चौथ्या रविवारी पुढची बाजू जॅकवर घेऊन घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवली. डावं चाक वर आणि खाली धरून हलवलं, तर चाक लचकत होतं. आता ही लचक व्हील बेअरिंगची की किंगपिनची? तात्यांनी पुतणीला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबला की ड्रम मागच्या प्लेटला बांधला जातो, त्यामुळे व्हील बेअरिंगमधली हालचाल गायब होते. तरीही चाक लचकत असेल तर दोष किंगपिनमध्ये. ब्रेक दाबल्यावरही चाक तसंच हललं. तिला ही युक्ती इतकी आवडली, की तिने दुसऱ्या चाकावरही ती स्वतः करून पाहिली. तिकडे ब्रेक दाबताच लचक थांबली, म्हणजे तिकडे फक्त व्हील बेअरिंग आवळायचं होतं.

किंगपिन म्हणजे चाक ज्या अक्षावर डावी-उजवीकडे वळतं तो. या जीपला वर एक आणि खाली एक असं टेपर रोलर बेअरिंग असतं आणि झाकणाखाली शिम. डाव्या बाजूचं खालचं बेअरिंग उघडलं तर ग्रीसऐवजी गंजाचा तपकिरी चिखल निघाला. वडील पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालत. नकलच्या, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याच्या, गोलाभोवतीचं फेल्ट सील वाळून कडक झालेलं, पाणी तिथून आत. दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलली. शिम कमी-जास्त करत चाक वळवायला किती जोर लागतो ते ताणकाट्याने ओढून पाहिलं, दोन्ही बाजूंना सारखं येईपर्यंत.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं, तो आम्ही खडूनेच केला. चाक वर उचलून फिरवायचं, टायरच्या मधोमध खडू टेकवून गोल रेघ मारायची. गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलायची, मग अॅक्सलच्या उंचीवर पुढच्या बाजूला दोन रेघांमधलं अंतर आणि मागच्या बाजूला तेवढ्याच उंचीवरचं अंतर मोजायचं. पुढचं अंतर थोडं कमी हवं. विलीजच्या मॅन्युअलमध्ये ३/६४ ते ३/३२ इंच सांगितलंय, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर. आमच्या गाडीचं पुढचं अंतर उलट जास्त होतं. बेल क्रँक मध्यावर ठेवून दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवत दोन मिलिमीटर आणलं.

गाडी पुष्कळ सुधारली. पण पूर्ण नाही. साठच्या पुढे अजून थोडी भटकायची.

उत्तर मिळालं ते गाडीखाली नाही, अंगणात. तात्या चहा घेत होते. कप खाली ठेवून ते उठले, जीपपासून वीसेक पावलं लांब गेले आणि बाजूने बघत उभे राहिले. मग मला बोलावलं. "बॉनेटची रेघ बघ. गाडी नाक खाली घालून उभी हाय."

मी रोज बघत आलो होतो आणि कधी दिसलं नव्हतं. मागची बाजू उंच होती. मागे वाकलो तर स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक पट्टी इतरांपेक्षा नवी, जाड. मला आठवलं. मी कॉलेजात होतो तेव्हा वडिलांनी मागे एक जादा पाटा घालून घेतला होता. चिपळूणहून आंब्याच्या पेट्या आणायचे, इकडून बटाट्याची पोती न्यायचे, ओझ्याने गाडी मागे बसायची म्हणून.

सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरच्या बाजूला मागे कललेला असतो. त्या कलण्यामुळेच हात सोडून सायकल चालवता येते, चाक स्वतःहून सरळ होऊ पाहतं. गाडीत किंगपिनचं तसंच कलणं म्हणजे कॅस्टर. या जीपला तो ३ अंश असतो. पुढचा अॅक्सल पाट्यांना बांधलेला आणि पाटे चासीला, म्हणून चासीची मागची बाजू उचलली की किंगपिन पुढे कलते आणि कॅस्टर तेवढा कमी होतो. चाकांमधलं अंतर ८० इंच. मोजलं तर मागची बाजू दोन इंच जास्त उंच भरली. पुतणीने मोबाइलवर हिशेब केला: सुमारे १.४ अंश. म्हणजे जवळजवळ निम्मा कॅस्टर तिथेच गेला होता. ओझं असताना मागची बाजू खाली यायची, तेव्हा गाडी बरी चालायची. आता ओझं नव्हतं. वडील रिकाम्या गाडीत स्टिअरिंग सतत का हलवायचे, ते कळलं.

पाटा काढायला मन होईना. त्यांनी घातलेली शेवटची वस्तू नव्हती ती, पण त्यांनी विचार करून घातलेली होती. आई ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "त्यांनी पोत्यांसाठी घातला होता. तू कुठं पोती नेतोस?"

दुसऱ्या दिवशी पाटेवाल्याकडून तो काढून घेतला, सेंटर बोल्ट नवा घातला, यू-बोल्ट टॉर्क पाहून कसले. पाटा शेडमध्ये खुंटीला लावलाय.

त्यानंतरच्या रविवारी हूड सोडून, काच आडवी टाकून निघालो. पुतणी मागे, आई उजव्या सीटवर, डोक्याला मफलर बांधून. हेळवाकच्या अलीकडे सरळ रस्ता आहे. तिथे मी साठवर रिंगणावरचा हात सैल केला. जीप गेली, आपल्या वाटेने, बराच वेळ. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. मला डावीकडून काही दिसत नव्हतं. आई मान बाहेर काढून बघत होती. "घे," ती म्हणाली.

हजार किलोमीटरनंतर परत तार बांधून मोजलं. भिंतीवर शेवटची नोंद पुतणीच्या हातची आहे: पाऊण. खाली तिने छोट्या अक्षरात लिहिलंय: डावं फेल्ट सील पावसाळ्याआधी.